लाँग-वेअर मॅट फाउंडेशन ते जेट ब्लॅक डाय: वय वाढवून दाखवणारी प्रसाधनं, एकेक तपासून

‘फुल कव्हरेज’, ‘२४ तास टिकणारं’, ‘सुपर मॅट’ (म्हणजे अजिबात न चमकणारं). चाळिशी ओलांडल्यावर ज्या बाटलीवर हे तिन्ही दावे एकत्र छापलेले दिसतील, ती जागच्या जागी ठेवून पुढे जावं. बाटलीत खोट असते असं नाही. ती बनवलेली असते विशीतल्या तेलकट, घट्ट त्वचेसाठी आणि तिथे ती चोख काम करते. कोरड्या, पातळ होत चाललेल्या त्वचेवर मात्र ती वय झाकायच्या ऐवजी अधोरेखित करते.

या परीक्षणात कंपन्यांची नावं मुद्दाम टाळली आहेत. एकाच कंपनीच्या एकाच मालिकेत उत्तम आणि टाकाऊ वस्तू शेजारी शेजारी असतात. त्या ओळखायच्या लेबल वाचून आणि त्वचेवर लावून. आणि एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. वय दिसण्यात गैर काही नाही. पण पैसे मोजून ते वाढवून घ्यायचं कारणही नाही.

पाहणाऱ्याचा डोळा वय ताडतो तो फक्त सुरकुत्यांवरून नाही. त्वचेचा रंग किती एकसारखा आहे आणि भुवया, डोळे, ओठ भोवतालच्या त्वचेपासून किती उठून दिसतात, हेही तो नकळत पाहतो. हा रंगफरक वयानुसार कमी होतो आणि वयाचा अंदाज बांधताना तो वापरला जातो, हे २०१३ साली ‘प्लॉस वन’ या नियतकालिकातल्या संशोधनाने दाखवलं. ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सायकॉलॉजी’त २०१९ साली आलेला अभ्यास तर आणखी रंजक आहे. त्यात मेकअपमुळे चाळिशी-पन्नाशीतल्या स्त्रिया लहान दिसल्या, तिशीतल्यांच्या वयात फरक पडला नाही आणि विशीतल्या मुली उलट मोठ्या दिसल्या. म्हणजे मेकअप हा शत्रू नाही. डोळे, भुवया, ओठ यांना रंग द्यावा, पण रेघोट्या नकोत. आणि त्वचेवर कोरडा पापुद्रा चढू नये. पुढची सगळी छाननी याच कसोटीवर केली आहे.

मॅट फाउंडेशन: नको

लाँग-वेअर मॅट फाउंडेशन टिकतं कसं, ते कळलं की बिघाडही कळतो. त्यात आयसोडोडेकेनसारखा उडून जाणारा द्राव असतो. तो उडाला की ट्रायमिथाइलसिलॉक्सिसिलिकेटसारख्या रेझिनचा पातळ थर रंगद्रव्याला धरून त्वचेवर बसतो. हा थर घामाने-तेलाने निघत नाही, पण फारसा ताणलाही जात नाही. चेहरा मात्र दिवसभर हलत असतो. त्यामुळे नाकाच्या कडेपासून ओठांपर्यंतची घडी, डोळ्यांखालची जागा आणि वरच्या ओठावरचा भाग, म्हणजे जिथे हालचाल जास्त तिथेच हा थर फाटतो आणि रंग घडीत जाऊन बसतो. घडी आधी फक्त सावली होती. आता ती रंगवलेली रेघ होते.

भर म्हणून यात सिलिकासारखे तेल शोषणारे कण असतात. रजोनिवृत्तीनंतर त्वचेतलं तेल कमी होतं. शिवाय तिला घट्ट धरणारं कोलॅजन पहिल्या पाच वर्षांत सुमारे ३० टक्के घटतं, असं त्वचातज्ज्ञ सांगतात. शोषायला तेल नसलं की आहे तेवढा ओलावाच पणाला लागतो. सकाळी आरशात गुळगुळीत दिसलेला बेस दुपारपर्यंत खपलीसारखा का दिसतो, याचं उत्तर इथे आहे.

त्याऐवजी काय? लेबलवर ‘सॅटिन’, ‘नॅचरल’ किंवा ‘सिरम फाउंडेशन’ असं लिहिलेलं मध्यम किंवा हलक्या कव्हरेजचं. घटकांच्या यादीत पहिल्या काही नावांत पाणी आणि ग्लिसरीन असेल तर चांगलं. ‘ड्यूई’ मात्र जपून. फार चमकणारा बेस मोठी रोमछिद्रं आणि गालाचा खडबडीतपणा उठवून दाखवतो.

लावण्याची पद्धत उत्पादनाइतकीच महत्त्वाची. आधी मॉइश्चरायझर, मग सनस्क्रीन; दोन्ही मुरायला मिळून दहा मिनिटं द्यावीत. घाईत वर फाउंडेशन फिरवलं की त्याच्या रबरासारख्या वळ्या निघतात. सिलिकॉनच्या प्रायमरवर, म्हणजे फाउंडेशनखाली लावायच्या क्रीमवर, पाण्याच्या आधाराचं फाउंडेशन लावलं तरीही बऱ्याचदा हेच होतं, म्हणून दोन्ही एका जातीची घ्यावीत किंवा प्रायमर सोडूनच द्यावा. पूर्ण चेहऱ्याला अर्धा पंप पुरतो. सुरुवात नाकाच्या दोन्ही बाजूंनी आणि हनुवटीपासून, कारण लालसरपणा आणि डाग तिथे जास्त. ओलसर करून घट्ट पिळलेल्या स्पंजने थोपटत बाहेरच्या दिशेला न्यावं आणि जबड्याच्या कडेला पोचेपर्यंत स्पंजवर जवळजवळ काही उरू नये. डोळ्यांच्या कोपऱ्यात वेगळं फाउंडेशन लावायचंच नाही. स्पंजला चिकटलेलं पुष्कळ झालं. एखादा डाग दिसत राहिला, तर सगळ्या चेहऱ्यावर दुसरा थर चढवण्यापेक्षा त्या डागावर बारीक ब्रशने कन्सीलरचा, म्हणजे डाग झाकायच्या दाट क्रीमचा, ठिपका द्यावा.

शेड निवडताना सगळ्यात जास्त चूक होते ती एक-दोन पायऱ्या उजळ शेड घेण्यात. सावळ्या किंवा गव्हाळ त्वचेवर उजळ बेस राखाडी दिसतो आणि राखाडी चेहरा थकलेला, आजारी वाटतो. हाताच्या पाठीवर शेड पाहू नये. तिथला रंग चेहऱ्याशी जुळत नाही. जबड्याच्या कडेवर तीन शेडच्या उभ्या पट्ट्या ओढाव्यात, पंधरा मिनिटं थांबावं, कारण बरीच फाउंडेशनं वाळताना गडद होतात, आणि मग खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात पाहावं. जी पट्टी गळ्यात विरघळून दिसेनाशी होते, ती आपली. चेहऱ्यापेक्षा गळा गडद असेल तर त्या दोहोंच्या मधली शेड चालते.

कॉम्पॅक्ट आणि ‘बेकिंग’

सगळ्या प्रसाधनांत वय सर्वांत झटकन वाढवतं ते कॉम्पॅक्ट. पर्समध्ये असतं, दिवसातून चारदा उघडलं जातं आणि दर वेळी जुन्या थरावर नवा थर बसतो. पफ जोरात दाबून फिरवल्याने गालावरची बारीक लव पावडरने भरते. बाजूने उजेड आला की ती पांढुरकी दिसते. डोळ्यांखाली पावडरचा जाड थर देऊन पाच-दहा मिनिटांनी झटकायचं, हे ‘बेकिंग’ रंगमंचाच्या प्रखर दिव्यांसाठी होतं. दिवसाच्या उजेडात एक हात अंतरावरून बोलणाऱ्या माणसासमोर त्याची गरज नसते. चाळिशीनंतर ते करूच नये.

पावडर हवीच असेल तर बारीक दळलेली लूज पावडर आणि छोटा मऊ ब्रश. ब्रश झाकणावर आपटून जास्तीची पावडर झाडायची आणि फक्त नाकाच्या कडा, भुवयांच्या मधली जागा आणि हनुवटी इथेच टेकवायची. गाल आणि डोळ्यांखालचा भाग तसाच सोडायचा. समारंभात फोटो निघणार असतील तर जवळजवळ पूर्ण सिलिका असलेली ‘एचडी’ पांढरी पावडर टाळावी. डोळ्यांना ती दिसत नाही, पण फ्लॅशमध्ये डोळ्यांखाली पांढरे डाग उमटतात. दुपारी चेहरा चमकला तर आधी टिश्यू हलका दाबून तेल टिपायचं. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं.

बेस आधीच फाटला असेल तर? त्यावर पावडर नको, फाउंडेशनही नको. स्वच्छ ओलसर स्पंजने घडीतला रंग उचलून घ्यावा, मॉइश्चरायझरचा एक थेंब बोटांच्या टोकांवर चोळून तिथे दाबावा, एक मिनिट थांबावं. पुसायचं नाही, दाबायचं.

कन्सीलर

काळ्या वर्तुळांवर थेट उजळ कन्सीलर लावला की राखाडी अर्धचंद्र तयार होतो. तपकिरी-निळसर काळेपणा आधी पीच किंवा नारिंगी करेक्टरच्या अगदी पातळ थराने मारावा लागतो. हलक्या रंगाच्या त्वचेला पीच, गडद त्वचेला नारिंगी. त्यावर कन्सीलर त्वचेच्या शेडचाच, फार तर अर्धी पायरी उजळ. लावायचा कुठे, तर डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात आणि बाहेरच्या कोपऱ्याच्या किंचित खाली. एकेक ठिपका पुरे. मोठा उलटा त्रिकोण काढून तो भरायची पद्धत व्हिडिओत छान दिसते आणि तासाभरात घड्यांत जमते.

खरेदीआधी एक तपासणी करावी. खिडकीसमोर उभं राहून हनुवटी वर उचलावी. काळेपणा बराच कमी झाला, तर तो रंग नसून खळग्याची सावली आहे. सावली कन्सीलरने जात नाही, कितीही महाग घेतला तरी. डोळ्यांखाली फुगवटा असेल, तर उजळ कन्सीलर त्या फुगवट्यावर लावल्याने तो आणखी पुढे येतो. लावायचा तो फुगवट्याच्या खालच्या कडेला, जिथे सावली पडते त्या रेघेत.

डोळे आणि भुवया

खालच्या वॉटरलाइनमधलं, म्हणजे पापणीच्या आतल्या कडेवरचं, जाड काळं काजळ तरुण डोळ्यांना शोभतं. पुढे खालची पापणी थोडी सैल होते, काजळ उतरतं, डोळ्यांखालच्या काळेपणात मिसळतं आणि डोळा लहान होतो. काजळ सोडवतच नसेल तर गडद तपकिरी, वॉटरप्रूफ आणि फक्त बाहेरच्या एक तृतीयांश भागात. खरी गरज वरच्या पापणीला असते. पापणीच्या केसांच्या मुळांमध्ये काळ्या पेन्सिलचे ठिपके भरत जायचे, मग ब्रशने किंचित पसरवायचे. रेघ दिसत नाही, पापण्या दाट वाटतात. लिक्विड आयलायनरची कडक, टोकदार शेपटी सैल पापणीवर मोडते. डोळे उघडे ठेवून समोर पाहत काढली तर तिची जागा तरी बरोबर येते.

चमकीच्या मोठ्या कणांचा आयशॅडो पापणीची प्रत्येक सुरकुती मोजून दाखवतो. सॅटिन चालतो. पण कडकडीत मॅटही कोरडा दिसतो, हे लक्षात असू द्यावं. मस्करा वरच्या पापण्यांनाच लावावा, आणि त्याआधी आयलॅश कर्लर मुळाशी दहा सेकंद दाबून धरावा. मस्करा लावल्यावर कर्लर वापरला तर केस तुटतात. उघडलेला मस्करा तीन महिन्यांनी टाकून द्यायचा, कारण डोळ्यांना संसर्गाचा धोका असतो.

भुवयांच्या बाबतीत दोन टोकं सारखीच वाईट. वर्षानुवर्षं बारीक केलेली कमान चेहऱ्याला कायम दचकल्यासारखा भाव देते, आणि स्टेन्सिलने भरलेली ठोकळेबाज काळी भुवई चेहरा कठोर करते. पेन्सिल केसांच्या रंगापेक्षा एक शेड हलकी, टोक दीड मिलिमीटरच्या आसपास. केस जसे उगवतात त्या दिशेला छोट्या छोट्या रेघा, आणि सगळ्यात शेवटी नाकाजवळचं टोक. तिथे पेन्सिलवर रंग कमी उरलेला असावा. मग स्पूलीने, म्हणजे मस्कराच्या ब्रशसारख्या छोट्या ब्रशने, वर विंचरायचं. भुवईचं बाहेरचं टोक आतल्या टोकापेक्षा खाली गेलं की डोळा खाली ओढल्यासारखा दिसतो, म्हणून खाली उतरणारे दोन-चार केस काढून टाकावेत. वरच्या बाजूचे केस उपटू नयेत; वयानुसार ते सगळेच परत येतात असं नाही.

ओठ आणि गाल

लिक्विड मॅट लिपस्टिक म्हणजे मॅट फाउंडेशनचंच ओठांवरचं भावंड: तोच उडणारा द्राव, तोच थर, तीच फाटाफूट. ओठ वयानुसार पातळ होतात आणि गडद मॅट रंग त्यांना आणखी लहान दाखवतो. त्याच्या उलट टोकाला त्वचेच्याच रंगाची ‘न्यूड’ असते. तिने ओठ चेहऱ्यात हरवतात, म्हणजे वयाने जो रंगफरक कमी केला तो आपण स्वतःच शून्यावर आणतो. आपल्या ओठांच्या मूळ रंगापेक्षा एक-दोन छटा ताजी, गुलाबी किंवा विटकरीकडे झुकणारी क्रीम लिपस्टिक हे बहुतेकींसाठी सुरक्षित उत्तर आहे. रंग ओठांबाहेरच्या बारीक रेघांत पसरत असेल तर आधी ओठांच्या कडेबाहेर मेणाची पारदर्शक पेन्सिल फिरवावी, मग लिपस्टिकच्या रंगाचाच लायनर, एक थर, टिश्यूवर टिपणं, दुसरा थर. लिपस्टिकपेक्षा गडद लायनर कोणत्याही वयात वाईटच.

गालांवर काँटूर नको. चाळिशीनंतर गालांची भरणी आपोआप कमी होते. तपकिरी पट्टा ओढून खळगा आणखी खोल करण्यात काय हशील? त्याऐवजी क्रीम ब्लश, आणि तो हसल्यावर फुगणाऱ्या गोळ्यावर न लावता गालाच्या हाडावर वरच्या बाजूला. हसू ओसरलं की तो गोळा खाली उतरतो आणि रंगही सोबत उतरतो.

केसांचा रंग

जेट ब्लॅक डायवर सगळ्यात जास्त विश्वास असतो आणि निराशाही सगळ्यात जास्त तोच करतो. नैसर्गिक काळे केस उन्हात तपकिरी झाक दाखवतात, मुळाशी आणि टोकाला वेगळे दिसतात. १.० क्रमांकाचा काळा डाय सगळे केस एकाच सपाट, निळसर काळ्यात बुडवतो. चेहऱ्याभोवती कडक चौकट बसते आणि त्वचेचा प्रत्येक डाग तिच्या तुलनेत उठतो. केस विरळ झाले असतील तर प्रश्न दुप्पट होतो, कारण काळ्या केसांतून उजळ टाळू चटकन दिसते आणि भांग आहे त्यापेक्षा रुंद वाटतो. तपकिरी रंगात हाच भांग अरुंद दिसतो; केस तेवढेच असतात, फरक कमी झालेला असतो.

डब्यावरचे आकडे वाचायला शिकावेत. टिंबाआधीचा आकडा गडदपणा सांगतो: १ काळा, ३ गडद तपकिरी, ४ मध्यम तपकिरी, ५ हलका तपकिरी. टिंबानंतरचा आकडा झाक सांगतो. बहुतेक कंपन्यांत ०ला नैसर्गिक, १ला राखी, ३ला सोनेरी मानतात, पण काहींची पद्धत वेगळी असते, म्हणून डब्यावरची सूची पाहावी. मूळ केस काळे असलेल्यांनी ३.० किंवा ४.० पासून सुरुवात करावी. पांढरे केस झाकण्यासाठी नैसर्गिक मालिकेची शेड हवी. नुसती राखी शेड पांढऱ्यावर मळकट बसते आणि लाल-सोनेरी शेड भडक नारिंगी. तशी झाक हवी असेल तर ती नैसर्गिक शेडमध्ये निम्मी मिसळावी.

पांढरे झाकायला डेव्हलपर, म्हणजे डायच्या क्रीममध्ये मिसळायचं पेरॉक्साइड, ६ टक्क्यांचा, म्हणजे २० व्हॉल्यूमचा. क्रीम आणि डेव्हलपरचं प्रमाण डब्यावर असेल तेच घ्यावं. डेव्हलपर वाढवला की मिश्रण पातळ होतं आणि पांढरे केस अर्धवट रंगतात. कपाळाजवळचे आणि कानशिलावरचे पांढरे केस हट्टी असतात, म्हणून तिथून सुरुवात. वेळ ३५ ते ४५ मिनिटं, डब्यावर असेल तशी. २० मिनिटांत धुतलेला रंग दोन आठवड्यांत उतरतो तो याचमुळे.

सर्वांत मोठी चूक म्हणजे दर वेळी मुळापासून टोकापर्यंत डाय लावणं. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात. सहा आठवड्यांनी रंगवायचा भाग जेमतेम दोन सेंटिमीटर असतो. तरी जुन्या रंगावर नवा रंग चढत राहतो, म्हणून ४.०ची शेड वापरूनही वर्षभरात टोकं काळीकुट्ट आणि राठ होतात. फक्त मुळांना लावावं. शेवटची पाच मिनिटं उरली की थोडं पाणी घेऊन मिश्रण चोळत खाली न्यावं आणि लगेच धुवावं. आणि काळा झालेला केस हलक्या रंगाच्या डायने हलका होत नाही. रंगाने रंग निघत नसतो. त्यासाठी कलर रिमूव्हर किंवा ब्लीच लागतं आणि ते घरी करू नये.

बहुतेक काळ्या डायमध्ये पॅराफेनिलिनडायअमाइन, म्हणजे पीपीडी असतं. युरोपीय संघात लावताना त्याची मर्यादा २ टक्के आहे. ॲलर्जी वर्षानुवर्षं वापरल्यानंतरही अचानक सुरू होऊ शकते, त्यामुळे दर वेळी ४८ तास आधी कोपराच्या आत डायचा ठिपका लावून चाचणी घ्यावी. पापण्या सुजणं, डोक्याच्या त्वचेतून पाणी पाझरणं असं एकदा झालं की तो डाय कायमचा बंद करायचा आणि त्वचातज्ज्ञांना दाखवायचं. ‘काळी मेंदी’ नावाच्या पुष्कळ पावडरींतही पीपीडी असतं, तेव्हा नावावर जाऊ नये.

निम्म्याहून जास्त केस पांढरे झाले असतील तर दर तीन आठवड्यांनी मुळाशी पांढरी रेघ उगवते, आणि ती रेघ पांढऱ्या केसांपेक्षा जास्त खटकते. अशा वेळी डेमी-पर्मनंट रंग बरा. तो साधारण २० ते २४ धुण्यांत हळूहळू फिका होतो, मुळाशी ठळक रेघ सोडत नाही. किंवा चेहऱ्याभोवती हलक्या बटा काढून पांढरे त्यात मिसळून घ्यावेत. पूर्ण पांढरे ठेवणाऱ्यांना पिवळेपणाचा त्रास होतो. त्यासाठी जांभळा शॅम्पू आठवड्यातून एकदा, दोन-तीन मिनिटं. रोज लावला तर केस जांभळट होतात.

चष्मा, ब्रा, बाह्या

कपड्यांबद्दल थोडक्यात, कारण इथे रंगापेक्षा माप जास्त बोलतं. छातीचा सर्वांत पुढचा भाग खांदा आणि कोपर यांच्या मध्यावर यावा. तो खाली असेल तर कितीही चांगला टॉप कंबर गिळतो. आधार मुख्यतः ब्राच्या छातीभोवतीच्या पट्ट्यातून मिळतो, खांद्याच्या पट्ट्यांतून नाही. नवी ब्रा सर्वांत बाहेरच्या हुकावर घट्ट बसली पाहिजे, म्हणजे इलॅस्टिक सैल झाल्यावर आत सरकायला जागा राहते. मागचा पट्टा पाठीवर वर चढत असेल तर पट्ट्याचं माप एक कमी आणि कपचं एक मोठं करून पाहावं.

खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावरून खाली घसरली की माणूस वाकलेला दिसतो. बाही दंडाच्या सर्वांत रुंद जागी संपू नये. कोपराच्या किंचित वर किंवा मनगटाच्या किंचित वर संपावी. सैल कपडे घालायचे तर वर किंवा खाली, दोन्हीकडे नको.

चष्म्याची जाड, गडद खालची कड डोळ्यांखाली सावली टाकते आणि ज्या वर्तुळांसाठी करेक्टर घेतला तीच परत आणते. वरची कड ठळक आणि खालची पातळ किंवा पारदर्शक असलेली फ्रेम घ्यावी, वरची कड भुवयांच्या रेषेला समांतर. काड्या फ्रेमच्या मध्यापेक्षा वर जोडलेल्या असाव्यात. खाली जोडलेल्या असल्या तर नजर गालाकडे ओढली जाते. वाचण्यासाठी बायफोकलची चंद्रकोर दिसत असेल तर प्रोग्रेसिव्ह (रेघ न दिसणारी) काच घेता येते, पण फ्रेम फार बुटकी असेल तर वाचायचा भाग कापला जातो. म्हणून फ्रेम ठरवण्याआधी काचेला किती उंची लागेल ते चष्मेवाल्याकडून मोजून घ्यावं, आणि ते माप फ्रेम चेहऱ्यावर नीट बसवूनच घ्यायला सांगावं.